अफूचे व्यसन व आत्महत्या : महाराष्ट्रातील इतिहास

अफू आणि अफूपासून किंवा तिच्या धर्तीवर तयार केलेली मॉर्फीन, कोडीन, हेरॉइन, ट्रॅमाडोल इ. द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्या व्यक्तींमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने पुष्कळच अधिक असतो. निरनिराळ्या देशांत झालेल्या दीर्घकालीन पाहणींचा एकत्रित आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा धोका सु. साडेतेरा पट असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रापुरता विचार केल्यास अफू व आत्महत्या यांचा संबंध दोन प्रकारे आला आहे. एकोणिसाव्या शतकात अफू हे घरोघरी असणारे औषध आणि त्याचबरोबर आत्मघाताचे साधन होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अफूजन्य द्रव्यांची आसक्ती ही स्वतःच आत्महत्येकडे नेणारी व्याधी म्हणून पुढे आली. या दोन्ही कालखंडांत शासनाचे लक्ष प्रामुख्याने द्रव्याकडे, म्हणजे त्याचा महसूल, परवाना व चोरटा व्यापार यांकडे राहिले. द्रव्याच्या अधीन झालेल्या माणसाकडे ते उशिरा वळले. माहूर व पैनगंगेचे खोरे हा मराठवाड्याचा सीमाभाग या इतिहासाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

स्वरूप व कारणे : अफूजन्य द्रव्ये मेंदूतील विशिष्ट ग्राहींवर परिणाम करून वेदना शमवितात व काही काळ सुखाची भावना निर्माण करतात. ती वारंवार घेतल्यास शरीराला त्यांची सवय होऊन तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. यास सह्यता असे म्हणतात. द्रव्य अचानक थांबविल्यास अंगदुखी, अतिसार, निद्रानाश, अस्वस्थता व तीव्र खिन्नता ही विरतिलक्षणे उद्‌भवतात. आत्महत्येचा धोका वाढविण्यास अनेक कारणे एकत्र येतात : आधीपासून असलेली खिन्नता किंवा अन्य मनोविकार, दीर्घकाळची शारीरिक वेदना, बालपणीचा छळ, कर्जबाजारीपणा, नोकरी सुटणे, कुटुंबाशी तुटलेले संबंध आणि समाजात होणारी अवहेलना. मद्य व झोपेच्या गोळ्या यांची जोड मिळाल्यास धोका आणखी वाढतो.

अतिमात्रेने झालेला प्रत्येक मृत्यू आत्महत्या असतोच असे नाही. सह्यता कमी झालेली असताना जुन्या सवयीप्रमाणे द्रव्य घेतल्याने अपघाती मृत्यू येतो. परंतु काही प्रसंगी मरण्याची इच्छा आणि जगण्याविषयीची बेफिकिरी यांतील सीमारेषा स्पष्ट नसते. त्यामुळे मृत्यूच्या नोंदींत अशा घटनांचे वर्गीकरण करणे अवघड जाते आणि आत्महत्यांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा संभव असतो.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : अफूचे झाड मूळचे भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील. भारतात तिचा प्रसार मुख्यतः अरब व्यापाऱ्यांमार्फत झाला. संस्कृत वैद्यकग्रंथांत ती ‘अहिफेन’ या नावाने येते. शार्ङ्‌गधरसंहिता व सोळाव्या शतकातील भावप्रकाश यांत तिचा उल्लेख आहे. ‘अफ्‌यून’ या अरबी शब्दाला दिलेले हे संस्कृत रूप सापाचा फेस असा अर्थ सुचविते. औषध व विष ही तिची दोन्ही रूपे त्या नावातच एकत्र आली आहेत. मोगल काळात दरबारी वर्गात अफूचे सेवन रूढ होते. जहांगीर बादशाहाने आपल्या आठवणींत स्वतःच्या मद्य व अफू सेवनाविषयी लिहिले आहे. बोंडांच्या काढ्यास ‘पोस्त’, पाण्यात विरघळविलेल्या अफूस ‘कसुंबा’ आणि ओढण्यासाठी तयार केलेल्या प्रकारांस ‘मदक’ व ‘चंडोल’ अशी नावे होती. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील राजबंद्यांना पोस्त पाजून क्षीण केले जाई, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने नमूद केले आहे.

ब्रिटिश अंमल : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माळव्यात पिकणारी अफू पश्चिम किनाऱ्यावरून चीनकडे जाऊ लागली. १८४३ मध्ये सिंध प्रांत ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर कराचीमार्गे होणारी वाहतूक बंद पडली आणि मुंबई हे माळवी अफूच्या निर्यातीचे प्रमुख बंदर झाले. अफूवरील परवाना-शुल्क हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. निर्यातीबरोबर देशांतर्गत खपही होत असे. १८७८ च्या अफू अधिनियमाने लागवड, वाहतूक, बाळगणे व विक्री यांवर सरकारी नियंत्रण आले. तथापि परवानाधारक दुकानांतून ठराविक मर्यादेपर्यंत अफू विकत घेता येत असे.

घराघरांतील तिचा वापर बव्हंशी औषधी होता. खोकला, हगवण, संधिवात व हिवताप यांवर ती घेतली जाई. मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना झोपविण्यासाठी अफूयुक्त ‘बाळागोळी’ देत. डॉक्टरांची वाण असलेल्या काळात ही प्रथा सोयीची वाटली, तरी तीमुळे बालकांचे पोषण व आरोग्य यांवर अनिष्ट परिणाम होत आणि काही बालके दगावत. अशा रीतीने स्वयंपाकघरातील डब्यात किंवा उशाखाली एक तीव्र विष सहज उपलब्ध असे.

आत्महत्येशी तिचा संबंध यातून आला. नॉर्मन चेव्हर्स यांच्या भारतीय न्यायवैद्यकावरील ग्रंथापासून (१८५६) जयसिंग प्रभुदास मोदी यांच्या ग्रंथापर्यंत (१९२०) या विषयावरील लेखनात अफूचे विष हे आत्मघाताचे नेहमीचे साधन म्हणून येते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या प्रकारे प्राण देणाऱ्या व्यक्ती बहुधा अफूच्या व्यसनी नसत. कौटुंबिक कलह, सासुरवास, असह्य आजार वा अप्रतिष्ठा अशा क्षणी हाताशी असलेले विष घेतले जाई. व्यसन व साधन हे दोन प्रश्न भिन्न आहेत, हे त्या काळच्या चर्चेत स्पष्टपणे मांडले गेले नाही.

अफूविरोधी चळवळीच्या दडपणामुळे ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला. आयोगाने मुंबईसह अनेक ठिकाणी साक्षी घेतल्या. दरभंग्याचे महाराजा लक्ष्मीश्वर सिंह व जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे त्याचे भारतीय सदस्य होते. माफक प्रमाणातील सेवन भारतीयांना विशेष अपायकारक नाही व सरसकट बंदीची गरज नाही, असा बहुमताचा निष्कर्ष १८९५ च्या अहवालात मांडला गेला. हेन्री विल्सन या सदस्याने भिन्नमत नोंदविले. आयोगापुढील मुख्य प्रश्न बंदी व महसूल यांचा होता. व्यसनी माणसाच्या मनःस्थितीचा विचार त्यात गौण राहिला.

व्यसनाचा शास्त्रीय अभ्यास भारतात विसाव्या शतकात सुरू झाला. कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेतील रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९२० नंतरच्या दशकांत अफूच्या सवयीची पाहणी केली. वेदना व आजारांवर उपाय म्हणून तसेच कष्टाच्या कामाचा थकवा घालविण्यासाठी अनेकांची सवय सुरू होते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. व्यसनी म्हणजे केवळ सुखलोलुप मनुष्य, या समजुतीला त्यामुळे छेद गेला.

मराठवाडा व पैनगंगेचे खोरे : रेणुकादेवी व दत्तात्रेय यांच्या स्थानांमुळे प्रसिद्ध असलेले माहूर हे पैनगंगेच्या वळणात वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नदी दोन राज्यव्यवस्थांमधील सीमा होती. दक्षिणेकडील मुलूख हैदराबादच्या निजामाचा, तर उत्तरेकडील वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली होता. १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे राहिला व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडण्यात आला. साहजिकच एकाच यात्रेला येणारे व एकच भाषा बोलणारे लोक दोन वेगवेगळ्या अबकारी कायद्यांखाली राहत. दोन्हीकडे अबकारी हे महसुलाचे महत्त्वाचे अंग होते. व्यसनमुक्तीची व्यवस्था मात्र दोहोंपैकी कोठेही नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० च्या एका अधिनियमान्वये १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधिद्रव्यांविषयीचा कायदा हैदराबादसह नव्याने सामील झालेल्या राज्यांना लागू करण्यात आले. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. अशा प्रकारे अवघ्या बारा वर्षांत येथील रहिवाशांनी तीन शासनव्यवस्था पाहिल्या. याच काळात अफूविषयक धोरणही आमूलाग्र बदलत होते.

परवाना-पद्धती व बंदी : स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय अफू परिषदेत (१९४९) औषधी व शास्त्रीय उपयोगाव्यतिरिक्त अफूचे सेवन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले व त्यासाठी ३१ मार्च १९५९ ही मुदत ठेवण्यात आली. दरवर्षी दुकानांना होणारा पुरवठा कमी करण्यात आला. जुन्या व्यसनी व्यक्तींची नोंद करून वैद्यकीय कारणास्तव त्यांना परवान्यावर मर्यादित अफू देण्यात येई. या धोरणाचे एक फळ असे, की अफू घरातून हळूहळू नाहीशी झाली आणि आत्मघाताचे साधन म्हणून तिचे स्थान ओसरत गेले.

परंतु साधन नाहीसे झाल्याने दुःख नाहीसे होत नाही. शेतीत कीटकनाशकांचा वापर वाढल्यावर तीच सहज हाताशी येणारी विषे ठरली. कीटकनाशकांच्या नियमनासाठी १९६८ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. विष सहजासहजी न मिळण्याचा उपयोग किती होतो, याचे उदाहरण श्रीलंकेत मिळते. तेथे १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर पुढील दहा वर्षांत आत्महत्येचे प्रमाण सु. निम्म्याने घटले. आवेगाच्या क्षणी विष हाताशी नसले, तर पुष्कळांचा जीव वाचतो व त्यांपैकी बहुसंख्य पुढे जगतात, असा याचा अर्थ आहे. कापसाच्या पट्ट्यात मोडणाऱ्या नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांच्या संदर्भात या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे.

‘गर्द’ व १९८५ चा कायदा : १९८० च्या सुमारास मुंबईत अशुद्ध हेरॉइन येऊ लागले. इराणमधील क्रांती व अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे चोरट्या व्यापाराचे मार्ग बदलले आणि भारत हा त्या मार्गावरील टप्पा बनला. ‘ब्राउन शुगर’ वा ‘गर्द’ या नावाने ओळखली जाणारी ही पूड मुंबई व पुण्यातील तरुणांमध्ये झपाट्याने पसरली. परवान्यावर अफू घेणारा वृद्ध शेतकरी किंवा मजूर आणि गर्दच्या आहारी गेलेला शहरी तरुण यांत मोठा फरक होता. गर्दचे व्यसन थोड्या काळात जडे, त्यासाठी चोरी व कर्ज करावे लागे आणि घर व शिक्षण लवकर सुटे.

संसदेने १९८५ मध्ये गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम संमत केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला व जुने अफू कायदे रद्द झाले. नव्या कायद्यात कठोर शिक्षा असून सेवन करणे हाही अपराध ठरविण्यात आला. व्यसनी अपराध्यास उपचारासाठी सोडण्याची न्यायालयास मुभा देणारे, उपचार केंद्रे स्थापन करण्यास शासनास अधिकार देणारे व स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास संरक्षण देणारे उपबंधही कायद्यात आहेत. व्यवहारात मात्र पोलिसी कारवाईच्या तुलनेने उपचारांची सोय फारच थोडी होती.

याच सुमारास पुण्यात महत्त्वाचा प्रयत्न झाला. लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेल्या लेखांनी मराठी वाचकांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांच्या अर्थसाहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याची धुरा १९९७ मधील निधनापर्यंत सांभाळली. व्यसनी व्यक्तीला गुन्हेगार न मानता रुग्ण मानणे, बरे झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते म्हणून सामील करून घेणे, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविणे व केंद्रातून बाहेर पडल्यावर पाठपुरावा करणे ही या केंद्राची वैशिष्ट्ये होत. एकाकीपणा व परत व्यसनाकडे वळल्याची शरम हे आत्महत्येच्या विचारांमागील बलवत्तर घटक असल्याने पाठपुराव्याला जीवरक्षणाच्या दृष्टीनेही मोल आहे.

दुहेरी अपराध : आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वये १८६२ पासून शिक्षापात्र होता. १९८५ नंतर अमली द्रव्याचे सेवनही नव्या कठोर कायद्याखाली आले. परिणामी, जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेला व्यसनी माणूस कायद्याच्या दृष्टीने दोनदा अपराधी ठरू लागला. अशा रुग्णास इस्पितळात आणताना नातेवाईक खरी हकिकत सांगण्यास धजत नसत; अपघात, चुकून झालेली विषबाधा वा पोटदुखी असे कारण दिले जाई. उपचाराची दिशा चुकणे व आकडेवारी अपुरी राहणे हे दोन्ही तोटे त्यातून संभवतात.

मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. ज्याला मानसिक यातनांनी ग्रासले आहे त्याला तुरुंगाची नव्हे, तर उपचाराची गरज आहे, अशी या निर्णयामागील भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला. परंतु १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविल्याने कलम कायम राहिले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करता येत नाही आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ व्या कलमाचा सरसकट स्वरूपाचा उपबंध राहिला नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपराध मानला आहे.

उपचार व धोक्याचे काळ : विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत व्यसनमुक्ती म्हणजे द्रव्य पूर्णपणे तोडणे, असाच समज होता. नंतरच्या संशोधनाने त्यात भर घातली. ब्यूप्रेनॉर्फीन व मेथाडोन ही औषधे वैद्यकीय देखरेखीखाली दीर्घकाळ दिल्यास रुग्णाची ओढ शमते व मृत्यूचे प्रमाण घटते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात मेथाडोनवरील रुग्णांचा सर्व कारणांनी होणारा मृत्युदर उपचार सोडलेल्यांच्या सु. एक-तृतीयांश आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने भारतात ही पद्धती सार्वजनिक कार्यक्रमात २००७-०८ च्या सुमारास आणली.

धोका सर्वकाळ सारखा नसतो, ही या संशोधनाची सर्वांत मोलाची शिकवण होय. उपचार अकस्मात तुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे, केंद्रातून घरी परतण्याचा काळ, तुरुंगातून सुटल्यानंतरचे दिवस आणि वेदनाशामक म्हणून दीर्घकाळ चालू असलेले द्रव्य एकाएकी बंद करणे हे विशेष धोक्याचे टप्पे आहेत. अमेरिकेतील सु. १३.९ लाख माजी सैनिकांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अफूजन्य औषधे बंद केल्यानंतर अतिमात्रा किंवा आत्महत्या यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा धोका वाढल्याचे व औषधे जितकी अधिक काळ घेतली असतील तितका तो अधिक असल्याचे आढळले. एका दिवसात सर्व सोडविणे हा निर्धाराचा विजय वाटला, तरी पाठोपाठ आधार नसेल तर तोच घातक ठरतो.

सद्यःस्थिती : केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील १० ते ७५ वयोगटातील सु. २.२६ कोटी व्यक्ती (२.०६ टक्के) अफूजन्य द्रव्ये घेत होत्या; त्यांपैकी सु. ७७ लाखांना त्याबद्दल मदतीची गरज होती. हेरॉइनचे प्रमाण सर्वाधिक (१.१४ टक्के), त्याखालोखाल औषधी अफूजन्य द्रव्यांचे (०.९६ टक्के) व नंतर अफूचे (०.५२ टक्के) होते. औषधांच्या दुकानांतून मिळणाऱ्या गोळ्या व खोकल्याची औषधे हे व्यसनाचे नवे द्वार झाल्याने ट्रॅमाडोल हे द्रव्य एप्रिल २०१८ मध्ये १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद असून महाराष्ट्रातील संख्या (२२,७४६) सर्व राज्यांत अधिक होती. ६.८ टक्के आत्महत्यांचे कारण ‘मादक पदार्थ वा मद्य यांचे व्यसन’ असे दिले आहे. दारू व अफूजन्य द्रव्ये एकाच शीर्षाखाली येत असल्याने दुसऱ्याचा वेगळा हिशेब या आकड्यांतून लागत नाही. शिवाय ज्याच्या आत्महत्येचे कारण ‘कर्ज’ वा ‘कौटुंबिक कलह’ असे नोंदले गेले, त्याच्या मागेही व्यसन असू शकते.

मराठवाड्यात या प्रश्नाला अंतराचे परिमाण आहे. नांदेड येथे १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु माहूर तेथून शंभर किमी.हून अधिक दूर आहे. दररोज किंवा आठवड्याला औषध घ्यावे लागणाऱ्या, मजुरीवर पोट असणाऱ्या रुग्णास एवढा प्रवास परवडत नाही. आणि उपचार तुटणे हाच तर धोक्याचा काळ होय. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात नांदेड व यवतमाळ या, पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील जिल्ह्यांचा समावेश आहे. गावपातळीवरील आशा कार्यकर्तींनी खिन्न व्यक्ती हेरून तिला आरोग्यकेंद्रापर्यंत आणणे ही त्यातील कल्पना होती. व्यसनाधीन रुग्णांपर्यंतही हाच मार्ग पोहोचू शकतो.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरण जाहीर केले असून आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मानसिक ताणाखालील व्यक्तींसाठी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली; व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. आत्महत्येविषयी सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. आपुलकीने विचारलेला प्रश्न बहुधा दिलासाच देतो. घरातील औषधे व कीटकनाशके कुलुपात ठेवणे, उपचार सोडलेल्या व्यक्तीस पहिले काही आठवडे एकटे न सोडणे आणि पुन्हा व्यसनाकडे वळलेल्यास दोष न देता परत उपचारास नेणे हे उपाय कोणत्याही कुटुंबास करता येण्याजोगे आहेत.

दीड शतकाच्या या इतिहासात अफू दुकानातून गेली, परवान्यातून गेली व निराळ्या रूपांनी परत आली. प्रत्येक वेळी पुरवठा रोखण्याची यंत्रणा आधी उभी राहिली आणि आसक्त माणसाला सावरणारी व्यवस्था मागाहून आली. या दोहोंमधील काळातच अनेक जीव जातात. म्हणून कोणतेही मादक द्रव्य बंद करताना त्यावर अवलंबून असलेल्यांच्या उपचाराची सोय त्याच वेळी व त्यांच्या गावाजवळ करणे, हा आत्महत्या-प्रतिबंधाचाही आवश्यक भाग मानावा लागतो.